अम्मीचा जनरेटर

अब्बा गेल्यानंतर घरातली पहिली मोठी खरेदी जनरेटरची होती. त्यांनी ती अर्ध्या दिवसात उरकली असती. मला तीन आठवडे लागले.

माझे अब्बा, धानोऱ्याचे बाबूभाई, झाडीपट्टीच्या नाटकांना जनरेटर आणि लाइट पुरवायचे. दिवाळीनंतर धान निघाला की या भागात गावोगावी वावरांत मंडप पडतात आणि नाटकं सुरू होतात. गावाची वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक मंडपामागे, बांधापलीकडे, एक जनरेटर धडधडत असतो. तो अब्बांचा असायचा. एकतीस हंगामांत त्यांच्या मशीनवर चाललेलं एकही नाटक अंधारात गेलं नाही. लोक नटांची नावं विसरत, पण ही गोष्ट विसरत नसत. जानेवारीत, भर हंगामात, त्यांचं हृदय थांबलं. त्यांच्या दोन मोठ्या डिझेल मशीन आता मुखरूभाऊंकडे आहेत. सतराव्या वर्षी वायर उचलायला आलेला हा माणूस आज पंचेचाळिशीचा आहे आणि अब्बांचा धंदा अब्बांसारखाच करतो.

अम्मीची फुफ्फुसं जुन्या टीबीनं निम्मी केली आहेत. दोन वर्षांपासून तिला दिवसातले पंधरा-सोळा तास ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावावी लागते. मशीन विजेवर चालते. लाइट गेली की अब्बा असायचे. अंगणात कुठली ना कुठली मशीन उभी असायचीच. आता ना अब्बा होते, ना मशीन.

एप्रिलमधल्या वादळात जंगलात लाइनीवर झाड पडलं आणि दीड दिवस वीज नव्हती. तेव्हा मी ब्रह्मपुरीत होते, कॉलेजच्या ग्रंथालयात, नोकरीवर. मुखरूभाऊ आपल्या गावाहून ट्रॉलीला मशीन जोडून निघाले. वाटेत दोन ठिकाणी झाडं आडवी होती. ते पोचले तेव्हा अम्मीच्या दोन तासांच्या छोट्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये दहा मिनिटांचा प्राणवायू उरला होता. ही दहा मिनिटं मला नंतर कुणी सांगितली नाहीत. मी सिलिंडरचा काटा पाहून स्वतः काढली.

त्यानंतर मी ठरवलं की अम्मी ब्रह्मपुरीला माझ्याकडे येईल. अम्मीनं ठरवलं की ती येणार नाही. इद्दत चालू होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं आपल्या घरात राहायचं असतं, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून वाद पुढं ढकलला गेला एवढंच. इद्दतचे नऊ दिवस उरले असताना मी रजा घेऊन धानोऱ्याला आले आणि तिला अट घातली : लाइट गेल्यावर तू एकटीनं, कुणाचा हात न लावता, जनरेटर चालू करून मशीन जोडून दाखवलीस तर इथं राहा. नाहीतर माझ्याबरोबर चल.

"आण मशीन," ती म्हणाली. ती दम टिकवण्यासाठी थोडं बोलते. पण ती आधीही थोडंच बोलायची.

मी वाचून निवडायची सवय असलेली बाई आहे. मशीनचा शोध मी वादळानंतरच सुरू केला होता. प्लगमध्ये लावायचं एक छोटं मीटर आणून अम्मीची मशीन किती वीज खाते ते मोजलं : साडेतीनशे वॉट, सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. तिच्यासोबत एक पंखा, एक दिवा आणि मोबाइल, इतकंच हवं होतं. साध्या जनरेटरची वीज खालीवर होत असते. नाटकाच्या हॅलोजनला ते चालतं, ऑक्सिजनच्या मशीनमधल्या नाजूक कार्डाला चालत नाही. म्हणून इन्व्हर्टर जनरेटर, जो आतल्या आत वीज सपाट करून मग बाहेर देतो. आणि तो दोन इंधनांवर चालणारा, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस. पावसाळ्यात नाले भरले की पेट्रोलचा टँकर येत नाही. शिवाय पेट्रोल भरून महिनोन्महिने उभी ठेवलेली मशीन ऐन वेळी रुसते, कारण पेट्रोल आतल्या आत चिकट होतं. गॅस वर्षभर सिलिंडरमध्ये पडून राहिला तरी तसाच राहतो. तेव्हा रोजचा भरवसा गॅसवर, आणि गॅस संपला तर पेट्रोल. वजन चोवीस किलो, खाली चाकं. सुरू करायला बटनही आणि दोरीही.

गडचिरोलीच्या दुकानदारानं बाबूभाईंच्या नावावर मशीन दोन दिवस तपासायला दिली. घरचा सिलिंडर हिला जोडायचा नाही असं बजावून पाच किलोचा वेगळा छोटा सिलिंडरही सोबत दिला.

त्याच सकाळी मुखरूभाऊ दुसरी मशीन घेऊन हजर झाले. पाच केव्हीएची, लोखंडी सांगाड्याची, ऐंशी किलोची. अंगणाच्या फाटकाबाहेर तिला उभी करून त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं.

"उमेराताई, हे काय आनलं तुमी? टिफिनचा डब्बा होय का हा?"

"हाच ठेवायचा विचार आहे, भाऊ."

"याच्यावर माह्या नाटकातला नारदबी नाई उजळनार."

आतून, पडद्यामागून, अम्मीचा आवाज आला. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण मुखरूभाऊ आसपास असले की अम्मी इथली मराठी बोलते आणि मलाही त्याच मराठीत दटावते.

"मुखरू, मले नारद नाई उजळाचा. मले श्वास घ्याचा हाये."

मुखरूभाऊंनी कान पकडला. या घरात त्यांनी अठ्ठावीस वर्षं भाकरी खाल्ली आहे. पण अब्बा गेल्यापासून ते अंगणाच्या भिंतीच्या आत येत नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. चाळिसाव्या दिवशी आले तेव्हाच फाटकापाशी थांबून म्हणाले होते, "भाभी इद्दतमधी हायेत. मी इथीच बरा." तेव्हापासून गहू येतो तो फाटकापर्यंत, औषधं येतात ती फाटकापर्यंत. वादळातही त्यांनी मशीन फाटकाबाहेरच उभी करून वायर तेवढी आत दिली होती. मशीन मांडायची होती तेव्हा मात्र अम्मी आत खोलीत गेली, पडदा ओढला, आणि तेवढ्यापुरते ते अंगणात आले.

आणि मग मी त्यांचं काम पाहिलं. आधी त्यांनी बोट ओलं करून वारा पाहिला. मग मागच्या अंगणाच्या पार टोकाला, घरापासून जितकी लांब नेता येईल तितकी, टिनाच्या पडवीखाली मशीन ठेवली, धुराचं तोंड वावराकडे केलं आणि घराच्या मागच्या दोन्ही खिडक्या मला बंद करायला लावल्या. मी पुस्तिकेत हेच वाचलं होतं : जनरेटरच्या धुरातला वायू दिसत नाही, त्याचा वास येत नाही आणि तो झोपेत माणूस मारतो, म्हणून मशीन कधीही घरात किंवा खिडकीखाली ठेवू नये. मुखरूभाऊंनी पुस्तिका उघडली नव्हती.

"हे अब्बांनी शिकवलं?"

"भाई म्हनत, धूर ज्याच्याकडे जाते तो मानूस उद्या नाटक पाहाले येत नाई."

त्यांनी मशीनखाली रबराचे तुकडे दिले, सिलिंडर हातभर दूर उभा केला, नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. पडवीपासून खोलीपर्यंत जाड वायर टाकली. मी आणलेली वायर त्यांनी हातात घेऊन वाकवली आणि परत दिली. मोठी मशीन फाटकाबाहेरच राहिली.

"पन ताई," जाता जाता ते म्हणाले, "भाईचा हिशोब डबल मशीनचा होता. लागते त्याच्या दुप्पट. तुमी त मापून घेतली."

"दुप्पट मशीन अम्मीला ओढता येईल का?"

त्यांनी ऐंशी किलोच्या सांगाड्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "हे नाई सुचलं मले," ते म्हणाले. हे कबूल करायला त्यांना काही जड गेलं नाही. आमच्या ग्रंथालयातल्या बैठकांत असं वाक्य मी वर्षांत ऐकलेलं नाही. मग ते अंगणाच्या कडेनं जाणाऱ्या गल्लीत गेले आणि भिंतीपलीकडे उभे राहिले. तिथून पुढं मला त्यांची फक्त टोपी दिसत होती.

अम्मी बाहेर आली. पांढरी ओढणी, नाकाला लांब नळी, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. चिमटीवर त्र्याण्णव.

"बटन दाबायचं, इतकंच," मी म्हणाले.

"बटन कशावर चालते?"

"छोट्या बॅटरीवर."

"बॅटरी मेली त?"

भिंतीपलीकडून मुखरूभाऊ हसले. "हेच इचारनार होतो मी, भाभी!"

"मंग दोरीनं," अम्मी म्हणाली. "ज्या दिवशी बटन चालंन त्या दिवशी खुशी. पन परीक्षा दोरीची."

मी विरोध केला. तिनं ऐकून घेतला आणि नळी काढून खुंटीला अडकवली. आत जाऊन ऑक्सिजनच्या मशीनचा भिंतीतला प्लग तिनं स्वतः काढला आणि पडवीतून आलेल्या वायरच्या बोर्डात खोचला. घरातली घरघर थांबली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर वापर, निदान तेवढं कर, असं मी म्हणाले, तर म्हणाली, "तो संपल्यावरच त मले हे कराचं हाये ना."

खोलीपासून पडवी चौदा पावलं आहे. ती एका दमात आठ चालली, थांबली, मग सहा. चिमटीवर नव्वद.

"भाभी," भिंतीपलीकडून आवाज आला, "पयले सिलिंडरची चावी. डाव्या हातानं फिरवा. मंग कळ गॅसकडे."

तिनं दोन्ही केलं. मग ती मशीनसमोर उभी राहिली आणि दोरी ओढली. दोरी अर्धी आली. पुन्हा ओढली. मशीन नुसती खोकली. एकोणनव्वद.

"हात नका लावू, ताई!" मुखरूभाऊ ओरडले. मी पुढं झालेली त्यांना दिसणं शक्य नव्हतं. माझ्या चपलेचा आवाज ऐकला असावा.

"भाभी, मशीन नुसती हवा खेचून राह्यली. गॅस पोचलाच नाई तिच्यापावतर. नळीत हवा हाये. जरा थांबा… आता. आनि उभ्यानं नका ओढू. हाताचा जोर नाई, आंगाचा जोर."

अम्मीनं इकडं तिकडं पाहिलं. मग तिनं पडवीतला कपडे धुवायचा बुटका पाट पायानं ओढला आणि त्यावर बसली, दोन्ही तळपाय मशीनच्या पायाशी टेकवले, दोरी अडेपर्यंत हळूच ओढली, परत जाऊ दिली, आणि मग हातांनी काहीच न करता नुसती मागं कलली. सगळी, कंबरेपासून, एखादी बाई खूप दिवसांनी आरामखुर्चीत बसावी तशी.

मशीन चालू झाली.

ती धडधडली नाही. आधी थोडी घाबरल्यासारखी जोरात फिरली, मग आवाज उतरत गेला. अब्बांच्या मशीनींपुढं ही कुजबुज होती. मी वायरचं टोक अम्मीकडे सरकवलं. तिनं ते घेतलं, पण लावलं नाही. ती तशीच पाटावर बसून राहिली.

"लाव ना," मी म्हणाले.

"भाईचा नियम हाये, ताई," भिंतीपलीकडून मुखरूभाऊ म्हणाले. "मशीन चालू केली की पाच मिनटं तिले एकटी सोडाची. बोजा नाई टाकाचा. मी अठ्ठावीस वर्षं घड्याळ लावून पाळून राह्यलो."

अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. मला तो नियम माहीत होता. लहानपणी नाटकाच्या मंडपात पहिला दिवा लागायची वाट पाहत आम्ही मुलं बसायचो, तेव्हा बाहेर मशीनचा आवाज यायचा आणि दिवा मात्र यायचा नाही. मी पुस्तिका वाचली होती. या मशीनला पाच मिनिटं लागत नाहीत, हिरवा दिवा स्थिर झाला की पुरे. पण अब्बांच्या नियमाविरुद्ध पुस्तिका कशी काढायची, तेही या अंगणात, त्यांना जाऊन चार महिने झाले असताना? शहाऐंशी. अम्मीचे ओठ मला फिके वाटू लागले. तिनं डोळे मिटले होते.

मग तिनं वायर लावली.

मशीनचा आवाज किंचित वर चढला, ओझं उचलताना माणूस श्वास घेतो तसा, आणि स्थिरावला. आत ऑक्सिजनची मशीन टुणकन वाजून घरघरायला लागली.

"भाभी!" मुखरूभाऊंचा आवाज फुटला. "पाच मिनटं नाई झाले! एकबी नाई झालं!"

अम्मी उठली, सहा पावलं, थांबा, आठ पावलं. खोलीत जाऊन तिनं नळी लावली आणि बाजेवर बसली. मी चिमटीकडे पाहत होते. सत्त्याऐंशी, एकोणनव्वद. बाहेर मुखरूभाऊ टाचा उंचावून भिंतीवरून डोकवायचा मोह आवरत असावेत. टोपी वर-खाली होत होती. एक्क्याण्णव झाल्यावर अम्मीनं मला खिडकी बोटभर उघडायला सांगितली, गल्लीकडची, धुराच्या उलट्या बाजूची.

"मुखरू."

"हाव, भाभी."

"पाच मिनटं तुले सांगतले होते."

"मलेच त!"

"काऊन की तुले तवा कान नोता. घड्याळ होतं."



"त भाई स्वतः…"

"ते कधी घड्याळ पाहत होते का? आवाज बसाची वाट पाहत. कधी सात मिनटं, थंडीत दहा. नवीन मशीन असली की दोन." ती थांबली, दोन श्वास घेतले. "घरी मशीन दुरुस्तीले आनत ना, मी चुलीपाशी राहो. ते अंगनातून इचारत, जमीला, बसली का? मी म्हनो, अजून नाई. मंग ते थांबत. मी बसली म्हटलं की बोजा टाकत."

"तुमाले इचारत?"

"त्यायले एका कानानं कमीच ऐकू ये. धडधडीनं गेला होता. धंद्यात सांगता येते का कोनाले?"

मी त्यांची मुलगी. मला हे माहीत नव्हतं. ते नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसत, एवढंच मला माहीत होतं, आणि ते मी प्रेमाच्या खात्यात धरलं होतं. ते प्रेमही असेल. एकतीस हंगाम एकही मंडप अंधारात गेला नाही. त्यातल्या किती मशीनींची नाडी आधी या चुलीपाशी बसून कुणी ऐकली होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तीन आठवडे मी वॉट आणि किलो मोजत होते, आणि गावातला सगळ्यात चांगला कान माझ्यासमोर नळी लावून गप्प बसला होता. मी विचारलं नव्हतं.

गल्लीतून मुखरूभाऊ हळूच म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं, भाभी. किती पाच-पाच मिनटं वाया घालवले मी."

"वाया नाई गेले. तुह्या मशीनी टिकल्या ना? घड्याळ कानापेक्षा सावकाश, पन मारत नाई."

मला वाटलं झालं. मी दुकानदाराला फोन लावायला मोबाइल काढला.

"कोनाले फोन?" अम्मी म्हणाली.

"मशीन ठेवून घेते म्हणून सांगते."

"तू समोर उभी होतीस. तो भिंतीवरून सांगत होता. मंग एकटी कधी केली मी?"

मी म्हणाले, पुरे, मला पटलं. ती म्हणाली, मले नाई पटलं. अट माझी होती, पण परीक्षेच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक निघाली. तासभर तिनं विश्रांती घेतली, थोडा भात खाल्ला. मशीन निवू दिली. मग माझ्या हातात चपला दिल्या.

"फाटकाबाहेर जा. मुखरूलेबी सांग, एक शब्द बोलाचा नाई. कडी लावत नाई मी, घाबरू नको. चौऱ्याऐंशी दिसले की मी ऑक्सिजनचा सिलिंडर घेते, हा शब्द हाये माहा."

मी गल्लीत जाऊन मुखरूभाऊंशेजारी उभी राहिले. मे महिन्याची दुपार, भिंतीची सावली पावलाएवढी उरलेली. शेजारच्या ज्योत्स्नाकाकू सुपात टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, घेऊन दारात आल्या, आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं पाहिलं आणि तशाच आत गेल्या.

आत घरघर थांबली.

मी मनात पावलं मोजू लागले आणि मोजणं सोडून दिलं, कारण तिची पावलं ऐकू येत नव्हती. पाट सरकल्याचा आवाज आला. सिलिंडरच्या चावीचा, नाही, बहुतेक माझा भास. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. माझा हात फाटकाकडे गेला. मुखरूभाऊंनी मान हलवली. ते डोळे मिटून, कान भिंतीला लावून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"हवा काढून राह्यल्या," ते पुटपुटले. "नळीतली. घाई नाई करून राह्यल्या."

दोरी. एकदा. खोकला. थांबणं. दोरी.

मशीन चालू झाली. आवाज चढला, मग उतरू लागला. मी तो ऐकत होते आणि मला त्यात काही कळत नव्हतं. एक आवाज होता, एवढंच. मुखरूभाऊंनी मनगट वर केलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, घड्याळ असलेला हात पाठीमागं नेला.

"बसली का?" मी विचारलं.

"अजून नाई," ते म्हणाले. थोडा वेळ गेला. "अजून… हं. आता."

ते म्हणाले आणि त्याच क्षणी भिंतीआडच्या जनरेटरचा आवाज ओझ्यानं चढला. दोघांचं एकाच वेळी. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते एवढे खूश होते की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

आम्ही आणखी थांबलो. तिला नळी लावून श्वास परत यायला जितका वेळ लागतो तितका मला आता माहीत झाला होता. मग गल्लीकडची खिडकी बोटभर उघडली.

"उमेरा, तुह्या कॉलेजची सुट्टी कवा संपते?"

"सोमवारी."

"मंग रविवारच्या बसनं जा. सोमवारी उशीर करू नको." श्वास. "आनि मुखरू, ते तुही मोठी मशीन घेऊन जा बाप्पा. गल्ली अडवून उभी हाये, ज्योत्स्नाच्या बकऱ्या वापस कशा येतीन?"

मुखरूभाऊंनी सांगाड्याचा दांडा धरला. मी दुसऱ्या बाजूनं हात दिला. ऐंशी किलो दोघांनाही जड गेलं.